बावीस दोरांचं घर

खोली बघायला गेले तेव्हा तिने मला जात विचारली नाही, मासळी खाते का ते विचारलं नाही, लग्नाचं कुठवर आलंय हेही विचारलं नाही. काथ्या वळणारे हात न थांबवता तिने एवढंच विचारलं, "गांठ मारूंक येता?"

मी डिचोलीची. गोवामुक्तीनंतर गावोगाव मराठी शाळा निघाल्या, त्यांतल्या मोरजीच्या एका शाळेवर माझी नेमणूक झाली होती. पत्र्याची ट्रंक, दोन नवी पातळं आणि शिकल्याचा ताठा एवढं सामान घेऊन मी तिच्या ओटीवर उभी होते. नेमणुकीच्या कागदाबरोबर शुद्ध मराठीही माझ्या तोंडात येऊन बसली होती. मी म्हटलं, "मला लिहिता-वाचता येतं."

"तें येता म्हणूनच तुका मास्तरीण केल्या. हांव गांठीचें इचारतां."

तिने हातातला दोर माझ्याकडे टाकला आणि ओटीवरच्या बांकाच्या पायाला बांधायला सांगितला. मी बांधला. तिने एका बोटाने ओढला आणि तो सुटला. "परकराची गांठ," ती म्हणाली, आणि दोर उचलून पुन्हा वळायला बसली. मला वाटलं, गेली खोली. पण आतल्या दाराकडे हनुवटी करून ती म्हणाली, "ट्रंक भितर व्हर. गांठ शिकयन हांव. वाचपी माका जाय आसा." तिला वाचणारं माणूस कशाला हवं होतं, ते मला नंतर कळलं.

तिला सगळा गाव मावशी म्हणायचा, म्हणून मीही मावशीच म्हणू लागले. काटकुळी, ठेंगणी, लुगड्याचा काष्टा कायम खोचलेला, आणि तळहात असे खरबरीत की माझ्या कपाळाला तेल चोळलं तर कपाळ लाल व्हायचं. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर. मध्ये वाळूचा उंचवटा आणि केवड्याचं बन. घर चिऱ्याचं, छप्पर नळ्यांचं. आणि त्या छपरावरून, ह्या अंगापासून त्या अंगापर्यंत, काथ्याचे बावीस दोर. अक्षय तृतीयेला चढायचे ते दसऱ्याला उतरायचे. दोरांची टोकं जमिनीत पुरलेल्या चिऱ्यांना बांधलेली. माडाला एकही नाही. घराला लागून चांगले सरळ माड होते, मी एकदा विचारलं तर म्हणाली, "माड आपणाक सांबाळना, तो घर खंय सांबाळतलो?"

गावात ह्या दोरांची भरपूर थट्टा होती. वाटेने जाणारा कुणीही विचारायचा, "मावशे, घर पळून वता काय गे?" ती वर न बघता सांगायची, "तुजी बायल पळून वचूंची ना, तितलें बघ." पत्ता सांगताना लोक 'दोरांचें घर' म्हणायचे. मी कुठे राहते असं शाळेतल्या कुणी विचारलं की मी 'केवड्याच्या बनाजवळ' असं सांगायची. दोरांचं नाव घ्यायची मला लाज वाटायची, हे आज कबूल करते.

दोर तिचे तीच करायची. नारळाची सोडणं नदीच्या चिखलात कित्येक महिने पुरून ठेवायची, मग उकरून, कुटून, धुऊन काथ्या काढायचा. उकरायच्या दिवशी जो वास सुटायचा, त्याने माझ्या पाटीवरची अक्षरंसुद्धा आंबली असतील. शाळेत मुलं नाक धरून माझ्याकडे बघायची. मी तिला एकदा चिडून म्हटलं, "मावशी, हा वास सहन होत नाही." ती म्हणाली, "वारो वास घेवन दोर वळखता काय? वास तुका येता, तर तूं नाक धर."

आणि प्रत्येक दोराला नाव होतं. हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. सगळ्यांत जाड, गाठाळ, हाताला टोचणारा तो 'सासू'. आढ्याच्या मधोमध जाणारा बारीक, पण घट्ट तो 'घोव', म्हणजे नवरा. एक 'रेजिदोर', पोर्तुगीज अमदानीतल्या गावच्या अंमलदाराच्या नावाचा, कारण त्याने एकदा तिला कचेरीबाहेर दिवसभर उन्हात उभं केलं होतं. एक 'तांडेल', रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावर ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, होडीच्या मुख्याचा, कारण घर पळण्याचा विनोद मुळात त्याचा. आणि दारावरून जाणारा, रोज डोळ्यांसमोर येणारा तो 'दीर'. त्याच्या टोकाला लाल फीत बांधलेली.

"माणसांची नावं कशाला?" मी विचारलं.

"वळटना कोणाचो तरी राग येवंक जाय," ती म्हणाली. "राग ना जाल्यार पीळ बसना."

तिसऱ्या वर्षी एक जुना दोर कुजला आणि त्याच्या जागी ओटीवर एक नवा दिसला. करंगळीएवढा. टोकाला पांढरी चिंधी. हा कुणाचा विचारलं तर म्हणाली, "तुजो." आदल्या आठवड्यात पसरकाराच्या दुकानावर लोक तिची नक्कल करत होते आणि मीही हसले होते. ते तिच्यापर्यंत पोचलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "रडटा कित्या? बारीक आसा बघ."

आता कागदाचं सांगते, कारण त्यावाचून हे सगळं निव्वळ वेड वाटेल.

तिचा नवरा लवकर गेला. मूलबाळ नाही. तेव्हा दिराने घरावर हक्क सांगितला. दीर कोरगावचा, काजूच्या बागा असलेला, चारचौघांत मान असलेला माणूस. पोर्तुगीज असताना देवळाच्या मंडपात पाच जणांसमोर तडजोड झाली आणि मुक्तीनंतर दिराने ती वकिलाकडून नीट मराठीत लिहून आणली. भिंती आणि छप्पर यांसह घर उभं असेपर्यंत वहिनीने तिथे राहावं. डागडुजी करावी, नव्याने बांधू नये. छप्पर गेलं की घर आणि जागा दिराची. तिने अंगठा उठवला. समुद्रालगतचं जुनं घर, नळ्यांचं छप्पर, एकटी बाई. दिराला वाटलं असेल, फार तर दोन पावसाळे. मी गेले तेव्हा तडजोडीनंतरचे चौदा झाले होते.

म्हणून ते दोर. आणि म्हणून वाचणारं माणूस. अक्षय तृतीयेच्या सकाळी ती डोक्यावरून न्हायची, पेटीतून तो कागद काढायची आणि मी तो मोठ्याने वाचायचा. शाळेला सुट्टी असायची, मी डिचोलीला घरी असायची, तरी त्या दिवसासाठी मला बस आणि फेरीबोट करत मोरजीला यावं लागायचं. खोली देताना घातलेली ती एकच अट होती. आमची आई वैतागायची. म्हणायची, "सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तसली ती बाई, आणि तू तिची नोकर." मी मात्र जायची.

वाचून झालं की ती विचारायची, "अजून तशेंच आसा मां?"

"तसंच आहे मावशी. कागद कसा बदलेल?"

"मनीस बदलता, मगे कागदाक कितें जालां?" असं म्हणून ती कागद माझ्या हातून घ्यायची, उलटा धरून एकदा स्वतः बघायची, आणि पेटीत ठेवायची. मग म्हणायची, "बरें. बांदया." कागदाची लाल फीत तिने पहिल्याच वर्षी काढून 'दीर'च्या टोकाला बांधली होती.

वर चढायची तीच. मी खालून टोकं ओढायची. पश्चिमेच्या जनेलांवर, म्हणजे खिडक्यांवर, माडाच्या विणलेल्या झावळ्यांचे झाप घट्ट बसवायचे, पूर्वेची एक जनेल मात्र उघडी ठेवायची. "वारो पावणो आसा. भितर आयलो जाल्यार ताका भायर वचूंक वाट दिवंक जाय." मग पुरमेंताचं, पावसाळ्यासाठीच्या साठवणीचं, बघायचं. मिरच्या, सोलं, सुकी मासळी, चिंचेचे गोळे, सगळं माळ्यावर, आणि मीठ सगळ्यांत वर. पसरकाराला ती दरवर्षी बजावायची की पोती जमिनीवर ठेवू नको, खाली चिरे घाल. तो हसायचा. एका वर्षी दुकानात पाणी शिरलं आणि मिठाची पोती नुसती ओली गोणपाटं होऊन राहिली. दुसऱ्या दिवशी ही मुद्दाम त्याच्याकडे मीठ मागायला गेली. घरात भरपूर होतं.

शाळेचंही छप्पर बांधायचं तिच्या मनाने घेतलं. एप्रिलमध्ये तपासणीला साहेब पेडण्याहून आले होते. मुलं कविता म्हणत होती, मी घामाघूम, आणि ही खांद्यावर चार दोर टाकून दारात. "भुरगीं हाच्या पोंदा बसतात न्हय? मगे बांदूंक नाका?" साहेबांनी विचारलं, ह्या कोण? मी काही बोलायच्या आत तिने एका दोराचं टोक साहेबांच्या हातात दिलं. "हें धरात. सोडूं नाकात हां." आणि ती कौलांवर चढली. साहेब सज्जन होते. पाऊण तास दोर धरून व्हरांड्यात उभे राहिले. मध्येच पावाची पाटी घेऊन पोदेर आला, ती खाली उतरून त्याच्याशी उंड्यांवरून वाद घालत बसली, तरी साहेबांनी सोडला नाही. जाताना मला म्हणाले, "बाई, तुमच्या गावात शिस्त आहे."

पसरकाराच्या दुकानात रेडिओ होता. वादळाची सूचना आली की तो बाहेर येऊन सगळ्यांना ओरडून सांगायचा. हिने कधी कान दिला नाही. "रेडियो सांगता तेन्ना वारो वाटेर आसता. तेन्ना दोर वळूंक बसूं?" पंचांगावरही तिचा विश्वास नव्हता. देवीवर होता, पण तिथेही तिची एक मर्यादा होती. गावात मोठं काही करायचं तर देवीला कौल लावायचा. मूर्तीला फुलाची पाकळी लावतात, ती उजवीकडून पडली तर होकार, डावीकडून पडली तर नकार. पावसाळ्याआधी होड्या पाण्याबाहेर काढायचा दिवसही रापणीवाले तसाच ठरवायचे. हिने घर बांधण्यासाठी कधी कौल लावला नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "देवीक आपलें देवूळ आसा सांबाळूंक. माजें घर बांदूं काय नाका, हें तिका कित्याक इचारूं?"

मी मोरजीत असतानाचं ते चौथं वर्ष. पाऊस लांबला होता. समुद्र शांत, रापणीला मासळी चांगली लागत होती. होड्या काढायला कौल लावला, पाकळी डावीकडून पडली. चार दिवसांनी पुन्हा लावला, पुन्हा डावीकडून. जून लागला, शाळा उघडली, आणि रापणीच्या दोन मोठ्या होड्या आणि दहा-बारा लहान होड्या अजून नदीच्या मुखाशी पाण्यातच. त्यांना बांधलेले दोर नायलॉनचे. दोन वर्षांपूर्वी गावात नायलॉन आलं होतं. निळं, हलकं, न कुजणारं. सगळ्यांनी जुने काथ्याचे दोर चुलीत घातले. तांडेल तिच्या अंगणात येऊन निळा दोर दाखवून म्हणाला होता, "मावशे, आतां तुजो धंदो गेलो." तिने तो बोटांत फिरवून बघितला. "निसरडो," म्हणाली, आणि परत दिला.

त्या दिवशी सकाळी शाळा भरल्यावर अर्ध्या तासात आभाळ काळं झालं. मी मुलांना घरी पाठवलं आणि स्वतः धावत घरी आले. वारा अशा जोराने येत होता की केवड्याचं बन जमिनीला टेकत होतं. मावशी ओटीवर बसली होती, वर दोरांकडे बघत. बावीसच्या बावीस ताणलेले. चौदा नाही, आता सतरा पावसाळे ज्या वाऱ्यासाठी ती दोर वळत होती, तो आला होता आणि ती तयार होती. तिच्या तोंडावर मी असं समाधान कधी बघितलं नव्हतं.

तेवढ्यात अंगणात तांडेल आला. मागे सात-आठ जण, सगळे चिंब. तो नुसता वर दोरांकडे बघत राहिला.

"कितें जालें?" तिने विचारलं.

"गांठी सुटतात. भिजल्यार नायलॉन धरना. एक होडी गेली."

"मगे?"

तो मान खाली घालून उभा. मागायला तोंड नव्हतं. शाळेवरचे चार सोडले तर काथ्याचे दोर सगळ्या गावात आता एकाच ठिकाणी होते, आणि ते कशाला बांधलेत हे गावातल्या पोराटोरालाही माहीत होतं. कागदातलं एकेक वाक्य मला पाठ होतं. मी तिच्या कानाशी जाऊन म्हटलं, "मावशी, नाही म्हणा. छप्पर गेलं तर सगळं जाईल." मला त्या होड्यांचं काही वाटलं नाही. खरंच सांगते. मला तिचं घर दिसत होतं आणि त्या घरातली माझी खोली दिसत होती.

तिने माझ्याकडे बघितलं. "दोर कोणी वळ्ळे?"

"तुम्ही."

"मगे खंय बांदचे तें हांव थारायतां. त्या कागदार तें बरयल्लें ना मां? तूंच वाचता."

असं म्हणून ती उठली आणि पहिल्या चिऱ्याशी जाऊन गाठ सोडायला लागली. एकेक दोर सोडून ती त्यांच्या अंगावर फेकत होती. "धर, ही सासू. व्हडल्या होडयेक बांद, ती कोणाक सोडना. हो घोव. हो रेजिदोर." तांडेलच्या हातात त्याच्याच नावाचा दोर देताना ती थांबली. "हो तुजो. ह्याका खूब पीळ आसा."  तिने माझाही दिला. मग ते सगळे दोर खांद्यावर घेऊन पळाले आणि ती मागून ओरडली, "परकराची गांठ मारूं नाकात."

छपरावर एकच दोर राहिला. दारावरचा, लाल फितीचा.

"हा का नाही दिलात?" मी विचारलं.

"तो हांगाच रावूंदी. माजें घर पडटा काय ना, तें ताणें बघूंक नाका?"

दुपारी दोनच्या सुमाराला मागचं छप्पर गेलं. आधी नळे उडाले, मग वासे, आणि मग आढ्याचा मागचा अर्धा भाग मोडून माझ्या खोलीत आला. आम्ही दोघी पुढच्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसलो होतो. डोक्यावर 'दीर' ताणला जात होता, त्याचा कर्रकर्र आवाज ऐकू येत होता. मी रडत होते. ती रडली नाही, पण तिचा हात माझ्या हातात होता. वारा पडला तेव्हा पुढची खोली आणि ओटी एवढ्याच भागावर छप्पर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांडेल आला. पाठीमागे सगळी रापण. पुरुष, बायका, सगळे. डोक्यावर झापांचे भारे, खांद्यावर बांबू, वासे, कुणाच्या तरी मोडक्या होडीच्या फळ्या. आणि तिचे दोर, धुऊन, गुंडाळून. एक होडी वादळात आधीच गेली होती, बाकी सगळ्या वाचल्या होत्या. कुणी आभार मानले नाहीत आणि तिने ते मागितले नाहीत. "माती लागिल्ली आसा," एवढंच ती दोर बघून म्हणाली. मोडकं आढं उभं करायला त्यांनी त्याला दोन बाजूंनी दोर बांधले आणि ज्या तालावर रापण ओढतात, त्याच तालावर चाळीस माणसांनी ते ओढून वर घेतलं. मीही ओढत होते. ती अंगणात बसून एकेकाची गाठ तपासत होती आणि अर्ध्याअधिक सोडून पुन्हा मारायला लावत होती.

"हें नवें बांदप न्हय," ती मला म्हणाली. "अर्दें आसा. अर्द्याची डागडुजी."

दोर मोजले तर एक कमी. माझा. तो ताणाने तुटला होता. मी ओशाळून तिच्याकडे बघितलं.

"तुजेर राग उणो आसलो," ती म्हणाली.

वाटेवर झाडं पडली होती, म्हणून कोरगावहून दीर तिसऱ्या दिवशी पोचला. काळी छत्री, धुवट धोतर, बरोबर तडजोडीच्या वेळच्या पाचांपैकी हयात असलेले दोन म्हातारे. अंगणात सगळा गाव आधीच जमला होता. कुणी बोलावलं नव्हतं. दिराने समोरून घर बघितलं. पुढे नळे, दारावर दोर. मग तो मागे गेला, झाप बघितले, आणि परत आला.

"छप्पर गेल्लें," तो म्हणाला.

"खंयचें?" तांडेलने विचारलं.

"हें. हे झाप नवे आसात."

"दर पावसाक झाप घालतात, भावजी. कोरगांवांत घालीनात?"

त्याने पसरकाराला विचारलं. पसरकार म्हणाला, मी दुकानात होतो, माझ्या पोत्यांत पाणी शिरलं होतं, मला काय ठाऊक. त्याने एका म्हातारीला विचारलं. ती बहिरी झाली. मग तो माझ्याकडे वळला.

"मास्तरणी, तूं शिकिल्ली. भुरग्यांक खरें उलोवंक शिकयता. तूं सांग. छप्पर गेल्लें काय ना?"

माझ्या मागे ओटीवर, बांकावर, अंगणातल्या दगडांवर माझी सगळी पुस्तकं पानं उघडून वाळत पडली होती. दोरीवर माझी दोन्ही पातळं. मावशी माझ्याकडे बघत नव्हती. ती पायाखालची माती बोटाने उकरत होती. मला तेव्हा कळलं की एवढ्या वर्षांत तिने कुणाकडे काही मागितलं असेल तर ते एवढंच, की मी तो कागद वाचावा. आणि माझी शुद्ध मराठी कुठे गेली कोण जाणे.

"ना," मी म्हटलं. "खंय गेल्लें? हांव तीन दीस हांगाच न्हिदल्यां. सुकें."

"मगे पुस्तकां कित्याक सुकयतात?"

"दर वर्सा शाळा उगडल्यार पुस्तकांक वत दाखयतां."

भर जूनमध्ये पुस्तकांना ऊन दाखवायची गोष्ट ऐकून मागे कुणीतरी हसू दाबलं. दिराने एकदा त्या पुस्तकांकडे बघितलं. मग त्याने बरोबरच्या म्हाताऱ्यांकडे बघितलं, आणि ते दोघे समुद्राकडे बघत होते.

मावशी उठली. पदर नीट केला. "भावजी, बसात. च्या घेयात. तुमकां पावसांत लांब येवंक पडलें." तो बसला. चहा झाला तेव्हा तिने त्याच्या डोक्यावरच्या दोराकडे हात दाखवला. "ह्या दोरान घर राखलें हां. बरो दोर." त्याने वर बघितलं. त्याला काही कळलं नाही, आणि फितीकडे त्याचं लक्ष गेलं नाही. आयुष्यात मी मनापासून बोललेलं ते पहिलं खोटं. त्याचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही.

पुढच्या वर्षी गावातली निम्मी घरं दोरांची झाली. ती सगळीकडे फिरून गाठी बघायची आणि नावं ठेवायची. माझी बदली डिचोलीला झाली, लग्न झालं, पण अक्षय तृतीयेला मी मोरजीला जायची ती जायचीच. दीर तिच्याआधी गेला. त्यानंतर कागद वाचायची गरज नाही, असं मी म्हटलं. तिने ऐकलं नाही. "ताचो पूत आसा न्हय?"

ती गेली ती थंडीत. दोर उतरलेले होते, चढायला अजून तीन महिने होते. त्या वर्षी ते कुणी चढवले नाहीत. मिरगाच्या पहिल्या आठवड्यात, साध्या पावसात, वादळ नाही काही नाही, घराचं छप्पर बसलं. मी गेले तेव्हा दिराचा मुलगा तिथे उभा होता, चांगला नम्र माणूस, पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या विचारात. कागदाप्रमाणे आता जागा त्याची होती. मी कोण हे सांगितल्यावर म्हणाला, "मावशीची आठवण म्हूण कितेंय जाय जाल्यार व्हरात." दोरांचा ढीग पडवीत होता. मी एखादा मागितला. त्याने ढिगात हात घालून, मला बरा म्हणून, सगळ्यांत मजबूत दिसला तो ओढून काढला. टोकाला लाल फीत होती, विटलेली. तो कुणाचा, हे मी त्याला सांगितलं नाही.

आता मी डिचोलीत तिसऱ्या मजल्यावर राहते. गच्चीत पाण्याची टाकी आहे. अक्षय तृतीयेला मी वर जाते आणि त्या लाल फितीच्या दोराने ती टाकी बांधते. गुडघे दुखतात, जिना चढताना दोनदा थांबावं लागतं. गेल्या वर्षी सोसायटीचे सेक्रेटरी मागोमाग आले. म्हणाले, "बाई, आकाश स्वच्छ आहे. वादळाचा काही इशारा आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही हें टोक धरात. सोडूं नाकात हां."

त्यांनी धरलं. मी गाठ मारली, आणि एका बोटाने नव्हे, दोन्ही हातांनी सगळा जोर लावून 'दीर'ला ओढून बघितलं. सुटला नाही.